पाऊस, पीक आणि अनुशेष : वि. म. दांडेकरांची अस्थैर्यमीमांसा

आर्थिक अस्थैर्य म्हणजे उत्पन्न, रोजगार आणि किमती यांतील असे चढउतार, की ज्यांचा अंदाज बांधून कुटुंबाला किंवा शासनाला पुढच्या वर्षाची आखणी करता येत नाही. औद्योगिक देशांच्या अर्थशास्त्रात या चढउतारांचे मूळ बाजारात शोधले गेले. केन्सने १९३६ मध्ये ते गुंतवणूकदारांच्या डळमळत्या अपेक्षांत पाहिले, मिन्स्कीने पुढे कर्जाच्या फुगवट्यात पाहिले. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील कोरडवाहू शेतीला ही दोन्ही उत्तरे अपुरी पडतात. मृगाचा पाऊस लांबणे, सोयाबीन फुलोऱ्यात असताना तीन आठवड्यांची उघडीप पडणे, काढणीच्या वेळी परतीचा पाऊस कोसळणे, मोंढ्यात भाव पडणे आणि धरणात पाणी नसणे, अशी येथील अस्थैर्याची कारणे आहेत. ती एकमेकांत गुंतलेली असल्याने एकेकट्याचे मोजमाप करणे अवघड जाते.

या प्रकारच्या अस्थैर्याचा सर्वांत चिकाटीने विचार करणारे मराठी अर्थशास्त्रज्ञ म्हणजे विनायक महादेव दांडेकर (१९२०–१९९५). साताऱ्यात जन्मलेले दांडेकर मुळात संख्याशास्त्रज्ञ. धनंजयराव गाडगीळ यांनी घडवलेल्या पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत त्यांची हयात गेली आणि १९६६ ते १९८० या काळात ते संस्थेचे संचालक होते. त्यांच्या चाळीस वर्षांच्या लेखनात ग्रामीण जीवनाच्या अस्थिरतेचे कारण एकाच ठिकाणी राहिलेले नाही. आधी ते जमिनीच्या धारणेत सापडले, मग माणसाच्या क्रयशक्तीत, नंतर पावसाच्या जोखमीत आणि शेवटी सार्वजनिक भांडवलाच्या असमान वाटपात. या बदलांना वैचारिक कोलांट्या म्हणणारे टीकाकार होते. पण प्रत्येक टप्प्यावर मोजमापाचे एकक बदललेले दिसते: कुटुंबाची शेती, व्यक्ती, समान हवामानाचा परिसर, जिल्हा. एकक बदलले की वेगळे कारण दिसू लागते, आणि त्या एककात न मावणारे कारण नजरेआड होते. दांडेकरांचे लेखन या दृष्टीने वाचले तर त्यातील संगतीही कळते आणि उणिवाही.

पहिल्या टप्प्याची सुरुवात कूळकायद्यापासून होते. १९४८ च्या मुंबई कूळकायद्याची अंमलबजावणी कशी झाली याची पाहणी दांडेकर आणि खुदानपूर यांनी केली आणि तिचा अहवाल १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. कायद्याने कुळाला संरक्षण दिले, पण प्रत्यक्षात अनेक कुळांनी 'राजीखुशीने' जमिनी सोडल्याची नोंद झाली, हे त्यातील झोंबणारे निरीक्षण होते. नांदेड आणि लातूर हे भाग त्या वेळी या पाहणीच्या बाहेर होते. निजामाच्या हैदराबाद संस्थानातून ते १९४८ मध्ये मुक्त झाले होते, तेथे १९५० चा हैदराबाद कूळकायदा लागू होता आणि १९५६ मध्ये ते द्विभाषिक मुंबई राज्यात आले. जहागिरी आणि इनामांची परंपरा असलेल्या या मुलखात कुळांचा प्रश्न मुंबई इलाख्यापेक्षा हलका नव्हता.

या अनुभवाचे सैद्धांतिक रूप दांडेकरांच्या १९६२ च्या निबंधात दिसते. जॉर्जेस्कू-रोगन या रुमानियन अर्थशास्त्रज्ञाने दाट लोकसंख्येच्या शेतीप्रधान देशांना भांडवलशाहीचे नियम लागू पडत नाहीत, असे मांडले होते. ऑक्सफर्डच्या नियतकालिकात दांडेकरांनी त्याचा परामर्श घेतला. कारखानदार मजुरीपेक्षा कमी उत्पादन देणाऱ्या माणसाला कामावर ठेवत नाही. शेतकरी मात्र मंदी आली म्हणून मुलाला घराबाहेर काढत नाही, घरातले सगळे हात शेतात राबतात आणि जे पिकेल ते वाटून खातात. त्यामुळे कुटुंबाची शेती जादा माणसे सामावून घेते, बेकारी आकड्यांत दिसत नाही, पण वर्षाअखेरीस शिल्लक उरत नाही. शिल्लक नाही म्हणून विहीर नाही, बांधबंदिस्ती नाही, आणि पुढच्या वर्षी पाऊस हुकला की तोल सांभाळायला काही नाही. म्हणजे अस्थैर्याचे मूळ लहान, माणसांनी गच्च भरलेल्या धारणेत आहे, अशी ही मांडणी होती. पाऊस त्यात येतो, पण दुय्यम म्हणून. कायद्याने जमिनीचा मालक बदलला तरी हा हिशेब बदलत नाही, हे दांडेकरांनी त्या काळात स्पष्ट सांगितले आणि त्याबद्दल रोषही ओढवून घेतला.

दुसरा टप्पा १९७१ चा. नीलकंठ रथ यांच्यासह लिहिलेला 'भारतातील दारिद्र्य' हा अभ्यास त्या वर्षीच्या जानेवारीत 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त दोन भागांत आला. रोज २,२५० उष्मांक मिळतील इतका आहार परवडण्यासाठी किती खर्च लागतो, हा त्यातील साधा प्रश्न होता. १९६०-६१ च्या किमतींनुसार खेड्यात माणशी महिना सुमारे १५ रुपये आणि शहरात सुमारे २२ रुपये, असे उत्तर निघाले. या कसोटीवर ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के लोक उपाशी किंवा अर्धपोटी ठरले. एकक आता शेत राहिले नव्हते, ते माणूस झाले होते. त्यामुळे भूमिहीन मजूर पहिल्यांदा हिशेबात पूर्णपणे आला. जमिनीच्या फेरवाटपाने त्याचा प्रश्न सुटणार नाही, कारण वाटायला तेवढी जमीनच नाही, असे लेखकांनी म्हटले. उपाय म्हणून त्यांनी मोठ्या प्रमाणावर सार्वजनिक कामे सुचवली आणि त्यांचा खर्च सधन वर्गाने उचलावा असे सांगितले.

पुण्याचेच दुसरे मोठे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांना ही रेषा मान्य नव्हती. एकाच निरोगी माणसाची उष्मांकांची गरज दिवसागणिक कमीजास्त होते, म्हणून सरासरीखालचा प्रत्येक जण उपाशी मानणे चुकीचे, असा त्यांचा आक्षेप. १९८० च्या सुमारास दोघांमध्ये रंगलेला वाद आजही वाचण्याजोगा आहे. सुखात्मे पुढच्याच टप्प्यात दांडेकरांचा नकळत आधार कसे झाले, ते पुढे येईल.

१९७२ चा दुष्काळ दांडेकर-रथ यांच्या मांडणीची परीक्षाच होता. १९७० पासून लागोपाठ तीन वर्षे पाऊस कमी झाला आणि मराठवाड्यात '७२ चा दुष्काळ' ही कालगणनेची खूण बनली. खडी फोडणे, रस्ते, पाझर तलाव, नालाबांध यांवर लाखो माणसे आली आणि सुकडीवर मुले जगली. वि. स. पागे यांनी आखलेली रोजगार हमी योजना याच काळात रुजली. तिचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. योजनेसाठी पैसा उभा करताना शहरातील पगारदारांवर व्यवसाय कर बसवला गेला, म्हणजे दांडेकर-रथ यांना अभिप्रेत असलेली वरून खाली जाणारी आर्थिक वाट काही अंशी तरी प्रत्यक्षात आली. कुमुदिनी दांडेकर यांनी या योजनेच्या कामांवरील मजुरांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, पाहण्या केल्या आणि कामावर येणारांत स्त्रियांचे प्रमाण किती मोठे आहे हे दाखवले.

मजुरी मात्र अस्थैर्य भरून काढते, थांबवत नाही. हमीच्या कामावर जाणारा अल्पभूधारक आपल्या बुडालेल्या पिकाचे कर्ज त्या मजुरीतून फेडू शकत नाही. सहकारी सोसायटीचे कर्ज थकले की पुढच्या हंगामाला ते मिळत नाही, मग सावकार. पाऊस आणि पत यांमधली ही साखळी तोडायची कशी, या प्रश्नाने दांडेकर तिसऱ्या टप्प्यावर आले. त्यांच्या कामाचा हा सर्वांत कल्पक भाग आहे आणि नांदेड-लातूरच्या शेतकऱ्याशी त्याचा संबंध आजही दर हंगामाला येतो.

पीकविम्याची कल्पना भारतात जुनी होती. म्हैसूरच्या जे. एस. चक्रवर्ती यांनी १९२० मध्ये पावसाच्या नोंदींवर आधारलेल्या विम्याची योजना पुस्तकरूपाने मांडली होती. स्वातंत्र्याच्या सुमारास जी. एस. प्रियोळकर यांच्याकडून केंद्राने अभ्यासही करून घेतला. पण १९७०-७१ मध्ये धर्म नारायण समितीने पीकविमा भारताला झेपणारा नाही असा निर्वाळा दिला. तरीही १९७२ पासून आधी गुजरातेत एच-४ कापसावर आणि मग इतर काही राज्यांतही व्यक्तिगत पद्धतीचा विमा करून पाहण्यात आला. प्रत्येक शेतकऱ्याच्या शेताची वेगळी पाहणी आणि वेगळी भरपाई असे त्याचे स्वरूप होते. १९७८ पर्यंत ३,११० शेतकरी सहभागी झाले, ४.५४ लाख रुपये हप्ता जमला आणि ३७.८८ लाख रुपये भरपाई द्यावी लागली. आपले पीक बुडणार हे ज्याला आधीच ठाऊक आहे तोच विमा घेतो, आणि विमा घेतल्यावर निगराणीत कसूर करतो, या दोन्ही अडचणी या आकड्यांत दिसतात.

दांडेकरांनी १९७६ मध्ये लिहिलेल्या लेखात धर्म नारायण समितीची कारणमीमांसा मोडीत काढली आणि प्रश्न उलटा केला. पाऊस एकट्याच्या शेतावर पडत नाही. तो परिसरावर पडतो किंवा पडत नाही. मग भरपाईही परिसराची का असू नये? ज्या भागात जमीन, पाऊस आणि पीकपद्धती बरीचशी सारखी आहे तो एक घटक धरायचा, त्या भागातील नेहमीच्या सरासरी उत्पादनाशी यंदाची सरासरी ताडून पाहायची आणि ती जितकी खाली गेली तितक्या प्रमाणात तेथील प्रत्येक विमाधारकाला भरपाई द्यायची. एखाद्याने मुद्दाम हयगय केली तरी परिसराची सरासरी त्याने हलत नाही, म्हणून लबाडीला वाव राहत नाही. हप्ता आणि भरपाई दोन्ही पीककर्जाला जोडले की सोसायटीची वसुलीही सुरक्षित राहते. हॅरॉल्ड हॅलक्रो यांनी अमेरिकेत १९४९ मध्ये अशीच मांडणी केली होती, पण तेथे अशा प्रकारचा विमा प्रायोगिक स्वरूपात यायला १९९३ उजाडले. भारतात जनरल इन्शुरन्स कॉर्पोरेशनने दांडेकरांच्या तत्त्वावर १९७९ मध्येच प्रायोगिक योजना सुरू केली.

परिसराची सरासरी काढायची तर पीक कापणी प्रयोग लागतात. यादृच्छिक पद्धतीने शेते निवडून, त्यात ठरावीक मापाचा तुकडा आखून, त्यातील पीक कापून, मळून, वजन करण्याची ही रीत भारतात शास्त्रशुद्ध केली ती वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांनी, १९४० च्या दशकात. दारिद्र्यरेषेवरून दांडेकरांशी वाद घालणाऱ्या सुखात्म्यांच्याच पद्धतीवर दांडेकरांचा विमा उभा राहिला. गावकऱ्यांनाही परिसराच्या सरासरीची कल्पना नवीन नव्हती. महसूल खात्याची आणेवारी, आजच्या भाषेत पैसेवारी, याच तत्त्वावर चालते आणि ती पन्नास पैशांच्या खाली उतरली की गाव टंचाईग्रस्त ठरत आले आहे. दांडेकरांनी त्या प्रशासकीय सवयीला संख्याशास्त्राची शिस्त दिली, असे म्हणणे वावगे होणार नाही.

१९८५ ची सर्वंकष पीकविमा योजना, १९९९-२००० ची राष्ट्रीय कृषी विमा योजना आणि २०१६ ची प्रधानमंत्री पीकविमा योजना, या तिघींचा पाया परिसरपद्धतीच राहिला. पहिल्या योजनेत तृणधान्यांसाठी दोन टक्के आणि कडधान्ये-तेलबियांसाठी एक टक्का असा सरसकट हप्ता ठेवला गेला. जोखीम जास्त तेथे हप्ता जास्त, हा विम्याचा मूळ नियम बाजूला पडला. १९९९ पर्यंत सुमारे ४०३ कोटी रुपये हप्त्यापोटी जमले आणि २,३०० कोटींहून अधिक वाटले गेले, त्यातील निम्म्याच्या आसपास एकट्या गुजरातेत, मुख्यतः भुईमुगासाठी. दांडेकरांनी १९८५ मध्ये तोवरच्या पीकविम्याचा आढावा घेतला होता. अनुदान आणि विमा यांची सरमिसळ हा पुढच्या चाळीस वर्षांतला कायमचा दोष ठरला.

लातूर किंवा नांदेडच्या सोयाबीन उत्पादकाला ही योजना कशी भेटते ते पाहावे. एकक आहे महसूल मंडळ. मागील सात वर्षांतील सर्वांत चांगल्या पाच वर्षांची सरासरी काढून तिला जोखीमस्तराने, महाराष्ट्रात ७० टक्क्यांनी, गुणले की उंबरठा उत्पादन मिळते. समजा सरासरी हेक्टरी १५ क्विंटल आहे, तर उंबरठा साडेदहा क्विंटल. यंदा कापणी प्रयोगांत मंडळाची सरासरी ८.४ क्विंटल आली तर तूट वीस टक्के आणि प्रत्येक विमाधारकाला विमा संरक्षित रकमेच्या वीस टक्के भरपाई. हिशेब सोपा आहे. त्यातील खाच वेगळी आहे. २०१२, २०१४ आणि २०१५ अशी वर्षे मराठवाड्यात दाटीने आली की सातांतून दोन वाईट वर्षे वगळूनही तिसरे सरासरीत राहतेच. अस्थैर्य जितके जास्त तितका उंबरठा खाली जातो आणि ज्याला संरक्षणाची गरज जास्त त्याला ते कमी मिळते. दुसरी खाच मंडळाच्या आकाराची. तेरणाकाठची काळी आणि माळावरची मुरमाड एकाच मंडळात असते. ओढ्यालगतचे पीक वाहून जाते, चार शिवारांपलीकडचे तरारून येते आणि सरासरी उंबरठ्याच्या वर राहते. दांडेकरांनी परिसर लहान आणि एकजिनसी असावा यावर भर दिला होता तो यासाठीच. पण एकक लहान केले की कापणी प्रयोगांची संख्या वाढते, मनुष्यबळ अपुरे पडते आणि प्रयोगांचा दर्जा घसरतो.

ही त्रुटी भरून काढण्यासाठी नंतर जोडघटक आले: स्थानिक आपत्ती आणि काढणीपश्चात नुकसान व्यक्तिगत पातळीवर, पेरणीच न होणे आणि हंगामाच्या मध्यात २५ टक्के आगाऊ भरपाई परिसराच्या पातळीवर. बनीम (गंजी) लावून ठेवलेले सोयाबीन भिजले की ७२ तासांत विमा कंपनीला कळवायचे, मग पाहणी व्हायची. व्यक्तिगत पद्धतीतल्या ज्या अडचणी दांडेकरांनी १९७६ मध्ये टाळल्या होत्या, त्या मागच्या दाराने परत आल्या. महाराष्ट्राने २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात विमा दिला, तेव्हा अर्जांचा पूर आला आणि बोगस अर्जांचाही. २०२५ च्या खरिपात शासनाने एक रुपयाची सोय बंद करून शेतकऱ्याचा हप्ता खरिपाला दोन, रब्बीला दीड आणि नगदी पिकांना पाच टक्के केला, जोडघटक काढून टाकले आणि भरपाई परिसराच्या उत्पादनावरच ठेवली. एका अर्थाने योजना दांडेकरांच्या मूळ आराखड्याकडे वळली. नेमक्या त्याच पावसाळ्यात ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात आणि सप्टेंबरमध्ये मांजरा, तेरणा, गोदावरीकाठी अतिवृष्टीने शेते खरवडून नेली. पीक उभे नसलेल्या शेताला कापणी प्रयोगाची वाट पाहायला सांगणे लोकांना पटले नाही, यात नवल नव्हते.

विम्याच्या चौकटीत न बसणारे कारण म्हणजे भाव. दांडेकरांना तो प्रश्न अपरिचित होता असे नाही. १९६८ मध्ये कृषी मूल्य आयोगाचे पहिले अध्यक्ष मो. ल. दांतवाला यांच्या मूल्यधोरणावर त्यांनी सविस्तर टीका केली होती. तरी विम्याचा आराखडा त्यांनी उत्पादनापुरताच ठेवला. लातूरच्या मोंढ्यात या मर्यादेची किंमत कळते. डाळमिलांमुळे तुरीच्या भावासाठी देशभरातून ज्या बाजाराकडे पाहिले जाते तो हा बाजार. २०१५ मध्ये किरकोळीत तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली, पुढच्या हंगामात पेरा वाढला, पीक उदंड आले आणि तूर ५,०५० रुपयांच्या हमीभावाखाली उतरून नाफेडच्या केंद्रांवर रांगा लागल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीनने क्विंटलला दहा हजारांचा टप्पा ओलांडला, केंद्राने सोयापेंड आयातीला परवानगी दिली आणि नवा माल आडतीवर येईपर्यंत भाव जवळपास निम्म्यावर आला. या दोन्ही वेळी मंडळाचे उत्पादन उंबरठ्याच्या वर असू शकते आणि शेतकरी तरीही बुडू शकतो. पाऊस चांगला झाला की भाव पडतो, हे मराठवाड्यातल्या कोणत्याही आडत्याला सांगावे लागत नाही. विम्याच्या सूत्राला मात्र ते माहीत नसते.

चौथ्या टप्प्याकडे जाणारी वाट पाण्यावरून जाते. १९७९ च्या सुमारास दांडेकर, देऊसकर आणि देशमुख यांच्या समितीने सिंचन प्रकल्पांतून आठमाही पाणी देण्याचा विचार मांडला. उन्हाळ्यात ऊस जगवण्यासाठी बारमाही पाणी राखून ठेवण्यापेक्षा खरीप आणि रब्बीला ते जास्त क्षेत्रावर पसरावे, असा त्याचा गाभा होता. थोड्यांचे उत्पन्न मोठे करण्यापेक्षा अनेकांचे उत्पन्न स्थिर करावे, ही अस्थैर्याकडे पाहण्याची नवी बाजू होती. मांजरा खोऱ्यात पुढे जे घडले ते याच्या नेमके उलट. साखर कारखाने वाढले, उसाचे क्षेत्र वाढले आणि अवर्षणाच्या वर्षी तेच पाणी लातूर शहरालाही पुरेना. उसाला खात्रीचा खरेदीदार आणि ठरलेला दर आहे, कोरडवाहू पिकाला दोन्ही नाहीत, तेव्हा शेतकऱ्याची निवड समजण्यासारखी आहे. पण एकेका शेताला स्थैर्य देणारा हा निर्णय खोऱ्याला अस्थिर करतो.

१९८३ मध्ये महाराष्ट्र शासनाने प्रादेशिक असमतोलाचे सत्यशोधन करण्यासाठी दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्यामागे मोठा इतिहास होता. १९५३ च्या नागपूर करारात विदर्भ-मराठवाड्याला न्याय्य वाट्याचे आश्वासन दिले गेले होते, राज्यघटनेच्या ३७१(२) कलमात विकास मंडळांची तरतूद होती आणि १९७४ मध्ये विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने पेटलेल्या मराठवाडा विकास आंदोलनात वसमतला गोळीबार झाला होता. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा क्षेत्रांत प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा किती मागे आहे आणि तेथवर आणायला किती खर्च येईल, ही रक्कम म्हणजे समितीच्या हिशेबात 'अनुशेष'. १९८४ च्या अहवालात राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपये निघाला. त्यात मराठवाड्याचा वाटा ७५०.८५ कोटी होता आणि क्षेत्रांपैकी सिंचनाचा अनुशेष सर्वांत मोठा होता. शासनाने अहवाल औपचारिकपणे स्वीकारला नाही, तरी पुढच्या सगळ्या चर्चेची भाषा त्यानेच ठरवली.

सार्वजनिक भांडवल जेथे कमी तेथे त्याच पावसाचा फटका जास्त बसतो, हे कारण आता केंद्रस्थानी आले. विम्याच्या लेखनात अस्थैर्य निसर्गाचे होते आणि ते वाटून घ्यायचे होते. अनुशेषाच्या हिशेबात ते शासनाच्या खर्चाच्या निवडींतून आलेले आहे आणि ते भरून काढायचे आहे. राजकीय दृष्ट्या ही मांडणी अधिक स्फोटक होती. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांनी शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण असे चार मुख्यमंत्री दिले. तरी अनुशेष उरला, म्हणून तो केवळ प्रतिनिधित्वाच्या अभावाने समजावून सांगता येत नाही. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली आणि त्यानंतर निर्देशांक व अनुशेष समितीने त्या वर्षाच्या स्थितीवर अनुशेष पुन्हा मोजला, तेव्हा तो राज्यासाठी १४,००६.७७ कोटी आणि मराठवाड्यासाठी ४,००४.५५ कोटी रुपये भरला. दरम्यान किमती वाढल्या होत्या हे खरे, पण पुढे गेलेले भागही थांबले नव्हते. सरासरी स्वतःच पुढे सरकत असेल तर तिच्याशी बरोबरी करणे कधीच पूर्ण होत नाही.

जिल्हा हे एककही झाकपाक करतेच. नांदेड जिल्ह्यात किनवट-माहूरचा जंगलपट्टा पाऊस जास्त असूनही रस्ते आणि आरोग्यात मागे राहिला, तर कंधार-मुखेडच्या माळावर पाण्याचीच ओढ. विष्णुपुरीचा उपसा प्रकल्प गोदावरीकाठाला जगवतो, पण त्याची आकडेवारी सगळ्या जिल्ह्याच्या सरासरीत मिसळते. लातूरची गोष्ट आणखी बोलकी आहे. अनुशेष निर्माण झालेल्या क्षमतेवर मोजला जातो, आलेल्या पाण्यावर नाही. धनेगावचे मांजरा धरण कागदावर सिंचनक्षमता म्हणून नोंदलेले होते, पण २०१६ च्या उन्हाळ्यात ते कोरडे होते. एप्रिलपासून मिरजेहून 'जलदूत' रेल्वेने लातूर शहराला पाणी आणावे लागले, पहिल्या खेपेत सुमारे पाच लाख लिटर. क्षमतेचा अनुशेष भरून निघाला असता तरी ती गाडी टळली नसती.

आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत दांडेकरांनी हे सगळे धागे एका मोठ्या ग्रंथात ओवायला घेतले. १९४७ ते १९९२ या काळातील भारतीय अर्थव्यवस्थेच्या या अभ्यासाचा शेतीवरील पहिला खंड १९९४ मध्ये आला. लोकसंख्या, दारिद्र्य आणि रोजगारावरील दुसरा त्यांच्या निधनानंतर, १९९६ मध्ये. त्यात शेतीवर माणसे फार झाली आहेत हे १९६२ चेच सूत्र पुन्हा वर येते, पण आता त्याच्या मागे तीन दशकांची आकडेवारी आहे.

त्यांच्यानंतरच्या कामाचा रोख एकक लहान करण्याकडे राहिला. विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखाली २०११ मध्ये नेमलेल्या समितीने २०१३ च्या अहवालात जिल्ह्याऐवजी तालुका धरला आणि पाण्याला स्वतंत्र महत्त्व दिले. विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. पावसाची नोंद आता महावेध प्रकल्पाच्या स्वयंचलित केंद्रांमुळे मंडळनिहाय मिळते आणि ती ग्रामपंचायतीपर्यंत नेण्याचे ठरले आहे. पिकाचे उत्पादन मंडळनिहाय मोजले जाते. शेतकरी कुटुंबाच्या उत्पन्नाची राष्ट्रीय नमुना पाहणी मात्र २००३, २०१२-१३ आणि २०१८-१९ अशा अंतराने झाली आणि तिचे निष्कर्ष राज्याच्या पातळीवर निघतात. नांदेड किंवा लातूरच्या एखाद्या तालुक्यातील कुटुंबाचे उत्पन्न एका वर्षाहून दुसऱ्या वर्षी किती हलले, हे त्यातून काढता येत नाही.